नावातली दोन झाडे

आमच्या तारोडीत चिनी अक्षरे वाचता येणारा एक मास्तर आहे, असा समज गेली काही वर्षे पसरला आहे. तो मी पसरवलेला नाही. पण खोडून काढण्याचे कष्टही घेतलेले नाहीत. कादंबऱ्या लिहिणाऱ्या शाळामास्तराला गावात एवढी एकच कीर्ती लाभली असेल, तर ती सहजासहजी कोण सोडील?

हे खूळ माझ्यामागे लागले ते एका दिव्यामुळे. माझा एक जुना विद्यार्थी उत्तन बंदरातल्या एका बोटीवर खलाशी आहे. एका संध्याकाळी तो बोटीवर लावायचा बॅटरीचा दिवा घेऊन माझ्या ओटीवर आला. दिव्याच्या डब्यावर दोन बटणे, बाजूला एक बारीकशी लाल काच आणि तिन्हींखाली एकेक चिनी अक्षर. सोबत घडी घातलेला कागद, तोही दोन्ही अंगांनी चिनीच. "मास्तर, यो काय लिवलाय त सांगा," तो म्हणाला. मी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि शेवटी सांगितले, "चिनी आहे."

"त मनापन कलते," तो म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण मला तो लागला, आणि लागण्याचे कारण जुने होते. हा मुलगा पाचवीत माझ्या वर्गात होता. त्याला वाचता येत नसे. ट, ठ आणि ढ यांची तो नेहमी गल्लत करी. 'शाळा' हा शब्द तो 'शाला' असा लिही, कारण त्याच्या घरात, शेजारात, बंदरावर सगळे तसेच बोलत. आणि मी त्या प्रत्येक 'ल'वर तांबडी फुली मारी. "ही अक्षरे आहेत की माशाचे काटे?" असे मी त्याला भर वर्गात विचारले होते आणि वर्ग हसला होता. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. आता तो माझ्यासमोर उभा होता, हातात माशाच्या काट्यांसारखी अक्षरे होती, आणि या खेपेस वाचता येत नव्हते ते मला.

पुढच्याच रविवारी मी मुंबईला गेलो आणि फोर्टातल्या फूटपाथवरून चिनी भाषेचे एक जुने स्वयंशिक्षक विकत आणले. ते एका इंग्रजाने इंग्रजांसाठी लिहिलेले. माझे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे निम्मे शिक्षण इंग्रजीचेच झाले.

पहिले दोन महिने मी एका गोड गैरसमजात काढले. चिनी अक्षर म्हणजे चित्र, असा तो समज. पुस्तकाची पहिली पाने त्याला खतपाणीच घालतात. एक उभी रेघ, तिला छेदणारी एक आडवी आणि खाली दोन्ही बाजूंना पसरलेल्या दोन तिरप्या रेघा, की झाले झाड. दोन झाडे शेजारी शेजारी काढली की राई, तीन काढली की अरण्य. झाडाला टेकलेला माणूस काढला की विश्रांती. पहिलीच्या मुलांची गणिताची चौकटीची वही मी आणली आणि रोज रात्री जेवणानंतर एकेका चौकटीत एकेक अक्षर बसवू लागलो. रेघांना क्रम असतो: वरची आधी, खालची मागून, डावी आधी, उजवी मागून. चारी बाजूंनी बंद असलेल्या अक्षराची तळरेघ सर्वांत शेवटी. चिनी मुलांना हे शिकवताना सांगतात म्हणे, की आधी माणसे आत घ्या, मग दार लावा.

साठ-सत्तर अक्षरांनंतर चित्रे संपली. मग कळले, की बहुतेक चिनी अक्षरे चित्रे नव्हेतच. त्यांचा एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा भाग उच्चाराची. तो उच्चारही बऱ्याचदा दोन हजार वर्षांपूर्वीचा. श्यु शन नावाच्या पंडिताने इ. स. १००च्या सुमारास जो कोश पुरा केला, त्यात ९,३५३ अक्षरे ५४० घराण्यांत लावली आहेत. १७१६ सालच्या खांगशी बादशहाच्या कोशात अक्षरे सत्तेचाळीस हजारांवर गेली आणि घराणी २१४वर आली. आपल्या कोशात शब्द शोधणे म्हणजे सरळ रस्त्याने घर गाठणे. तिकडच्या कोशात शोधणे म्हणजे मुंबईच्या चाळीत अनोळखी माणूस शोधणे: आधी कोणता मजला याचा अदमास घ्यायचा, मग उरलेल्या रेघा म्हणजे खोल्या मोजत जायचे, आणि मजलाच चुकला तर पुन्हा खाली उतरायचे.

उच्चारांनी तर मला वर्षभर फसवले. चीनने १९५८मध्ये रोमन लिपीची जी पद्धत स्वीकारली, तिच्यात ज्याला 'के' लिहितात तो आपला 'ख' आहे. ज्याला 'जी' लिहितात तो जवळजवळ आपला 'क', आणि 'डी' म्हणजे 'त'. महाप्राण-अल्पप्राणाचा हा भेद इंग्रजाला समजावून सांगायला पुस्तकाने चार पाने खर्ची घातली होती. आमच्याकडे तो बालवाडीतल्या मुलाला येतो. देवनागरीत लिहिले असते तर चार ओळींत काम झाले असते.

आमचे हे धारावी बेट १७३९पर्यंत पोर्तुगीजांच्या अमलाखाली होते. त्यामुळे पाद्र्यांच्या कथा इकडे सर्वांच्याच कानांवरून गेलेल्या असतात, मग घर कोणत्याही धर्माचे असो. त्या कथांत मला माझा एक पूर्वज सापडला. १५७८मध्ये मिकेले रुज्येरी आणि मात्तेओ रिच्ची हे दोन इटालियन जेझुइट गोव्यात उतरले. रुज्येरी १५७९मध्ये मकावला पोहोचला. तिथे त्याला चिनी शिकवायला धड पंडित मिळेना. म्हणून त्याने पहिला गुरू केला तो एक चितारी. चिताऱ्याने घोड्याचे चित्र काढायचे आणि शेजारी घोड्याचे अक्षर लिहायचे. गुरूला शिष्याची भाषा येत नाही, शिष्याला गुरूची. रिच्ची १५८२मध्ये त्याच्या मागोमाग गेला आणि पुढे चिनी भाषेत ग्रंथ लिहिण्याइतका तयार झाला. रुज्येरी मकावला गेला त्याच वर्षी गोव्यात थॉमस स्टीफन्स आला, मराठी शिकला आणि १६१६मध्ये त्याचे 'ख्रिस्तपुराण' निघाले. एकाच बंदरातून एक वाट चिनी अक्षरांकडे गेली आणि दुसरी आमच्या ओवीकडे. रिच्चीचे नाव जगभर झाले. मला जवळचा वाटतो तो चिताऱ्यापुढे बसलेला रुज्येरी. त्याचे वयही तेव्हा पस्तिशी ओलांडलेले होते.

अक्षरे दोनशेच्या घरात गेली तेव्हा मला एक खोड लागली. चिनी मजकुरात आपले कोणी भेटते का, ते मी शोधू लागलो. आणि भेटले ते थेट 'महाराष्ट्र' हे नाव. युआन श्वांग, म्हणजे जुन्या पुस्तकांतला ह्युएनत्संग, इ. स. ६४१च्या सुमारास आपल्या मुलुखात येऊन गेला. पुलकेशी राजाचे नाव त्याने नोंदवले. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे लिहून ठेवले. हे आपण शाळेत शिकवतोच. पण त्याने 'महाराष्ट्र' हा शब्द लिहिला कसा, हे मी कधी मुलांना सांगितले नव्हते, कारण मलाच ठाऊक नव्हते. चिनीत कानामात्रा नाही, जोडाक्षर नाही; प्रत्येक अक्षराला अर्थ चिकटलेला. परका शब्द लिहायचा तर अर्थ बाजूला ठेवून नुसत्या ध्वनीसाठी अक्षरे वेचावी लागतात. त्याने चार वेचली. आजच्या उच्चारात ती मो-हो-ला-छा अशी होतात. पहिल्या अक्षरात वर ताग आणि खाली हात आहे. त्याचा अर्थ चोळणे. दुसऱ्यात वाणीचे चिन्ह आहे. त्याचा अर्थ दटावणे. 'महा' या आपल्या अभिमानाच्या शब्दासाठी चोळणे आणि दटावणे! मी मास्तर आहे. मला ते अगदीच गैरलागू वाटले नाही.

याच प्रवासवर्णनात त्याने आणखी एक गोष्ट केली आहे. आपल्या देशाची जुनी चिनी नावे अशुद्ध आहेत, असे सांगून खरे नाव 'यिन्तु' असे त्याने ठरवले आणि 'इंदू', म्हणजे चंद्र, असा त्याचा अर्थ दिला. व्युत्पत्ती चुकीची असेल. नाव मात्र टिकले. चीनमध्ये भारताला आजही तेच नाव आहे. त्यातले पहिले अक्षर 'यिन्'. त्याचा स्वतःचा अर्थ शिक्का, मुद्रा, उमटलेला छाप. हे अक्षर वाचकांनी जरा लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

मराठी माणसांत चिनी शिकलेले विद्वान मी समजत होतो त्याहून अधिक निघाले. फर्ग्युसन कॉलेजशी संबंध असलेले वा. वि. गोखले यांनी आर्यदेवाच्या 'अक्षरशतका'चे चिनी आणि तिबेटी आधारांवरून केलेले भाषांतर १९३०मध्ये जर्मनीत हायडेलबर्गहून प्रसिद्ध झाले; मूळ संस्कृत ग्रंथ नष्ट झाला होता. त्याच कॉलेजातले पु. वि. बापट यांनी 'विमुत्तिमग्ग' या लुप्त पाली ग्रंथाच्या चिनी भाषांतराची 'विसुद्धिमग्गा'शी तुलना करून १९३७मध्ये पुण्यात पुस्तक काढले. म्हणजे आपल्याकडे हरवलेली वस्तू शेजाऱ्याच्या माळ्यावर आहे, असे कळल्यावर तिथे चढण्यासाठी या मंडळींनी शिडी तयार केली. वसंत परांजपे १९४७मध्ये पेकिंगला शिकायला गेले आणि १९५४मध्ये नेहरू आणि माओ यांच्या बोलण्यात दुभाषी म्हणून बसले. ही सारी मोठी माणसे. विद्यापीठे, ग्रंथालये, गुरू यांच्या सावलीत शिकलेली. त्यांच्यापुढे माझी चौकटीची वही काढायला मला संकोच वाटतो. संकोच दुसराही आहे. आमच्या घरी पणजोबांच्या वेळचा शेतजमिनीचा एक कागद आहे, मोडीतला. तो मला आजही वाचता येत नाही.

माझ्या वहीत खरा उतरला तो मात्र सोलापूरचा एक डॉक्टर.

द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपानशी लढणाऱ्या चीनला वैद्यकीय मदत पाठवण्याचे काँग्रेसने ठरवले, तेव्हा सुभाषबाबू अध्यक्ष होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले: अलाहाबादचे अटल हे प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. व्ही. शांतारामांचा १९४६चा चित्रपट माझ्या पिढीनेही दूरदर्शनवर पाहिलेला आहे, म्हणून ही कथा सर्वांना माहीत आहे असे आपण धरून चालतो. मीही धरून चाललो होतो. पण त्यांचे चिनी नाव जेव्हा मी प्रथम चौकटीत लिहिले, तेव्हा माहीत नसलेली बरीच गोष्ट त्या चौकटींत निघाली.

हे नाव त्यांना छुंगछिंगमध्ये मिळाले. शांतिनिकेतनात चीनभवन उभे करणारे प्राध्यापक थान युन-शान तिथे होते. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'ह्वा' हे अक्षर ठेवले. 'ह्वा' म्हणजे वैभव, बहर. आणि 'ह्वा' म्हणजे चीन. कोटणीस झाले 'ख ति-ह्वा'. इंग्रजी पुस्तके 'के दिहुआ' असे काहीतरी लिहितात. 'को'चा 'ख' झाला, हे त्यांत दिसत नाही. पहिल्या 'ख'मध्ये डावीकडे झाड आहे आणि उजवीकडे ध्वनी. अर्थ फांदी, कुऱ्हाडीचा दांडा. दुसऱ्या 'ति'मध्येही डावीकडे झाडच. ते एका फुलझाडाचे नाव, आणि चिनी काव्यात फार जुन्या काळापासून ते भावाभावांच्या प्रेमाची खूण मानले जाते. दोन झाडे, आणि मग बहर. तेव्हाचे 'ह्वा' हे अक्षर तर डोक्यावर गवताचे चिन्ह धारण केलेले, आडव्या फांद्यांनी भरलेले, लिहायला किचकट. १९५६च्या लिपिसुधारणेत फुलोरा झडला आणि सहा रेघांचे आटोपशीर अक्षर राहिले. मी आधी आटोपशीर लिहायला शिकलो होतो. कोटणीसांचे नाव लिहायचे म्हणून जुने शिकलो. एका रात्रीत तीन पाने भरली तेव्हा कुठे ते चौकटीत मावले.

पथकातले तिघे एकामागून एक १९४०पर्यंत परतले. कोटणीस आणि बसू राहिले. १९३९च्या आरंभी येनान, पुढे उत्तरेला जपानी फौजांच्या पिछाडीचा डोंगराळ मुलूख. जानेवारी १९४१मध्ये कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथे इस्पितळ म्हणजे शेतकऱ्यांची घरे, आणि इस्पितळाला जोडून वैद्यकीय शाळा. त्या शाळेत हा सोलापूरचा माणूस चिनीतून शिकवत होता. इतकेच नव्हे, शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसरे हाती घेतले.

हे वाक्य मी इतिहासाचा मास्तर म्हणून दहा वेळा वाचले असेल. अकराव्या वेळी वहीवाला विद्यार्थी म्हणून वाचले आणि थांबलो. शस्त्रक्रियेला चिनीत 'वायख' म्हणतात, म्हणजे बाहेरची शाखा. औषधांनी बरे करण्याची ती आतली शाखा. रक्ताचे अक्षर म्हणजे वाडगा आणि त्यावर पडलेला एक थेंब. आणि आजारांसाठी एक चौकट आहे: वर टिंब, आडवी रेघ, डावीकडे खाली उतरणारी लांब तिरपी रेघ आणि तिला बाहेरून चिकटलेले दोन छोटे फटकारे. मूळ कल्पना खाटेवर पडलेल्या माणसाची. दुखणे, कळ, फोड, व्रण, थकवा, रोग, सारी अक्षरे या खाटेवर येऊन निजतात. शस्त्रक्रियेचे पुस्तक लिहिणाऱ्याला ही खाट पानोपानी घालावी लागणार. चीनच्या १९८८च्या नियमाप्रमाणे शेतकऱ्याला साक्षर म्हणवून घ्यायला १,५०० अक्षरे लागतात, कामगाराला २,०००. मला चार वर्षांत, घरात वीज, पंखा, मोबाइलवर उच्चार ऐकण्याची सोय असताना, जेमतेम चारशे आली. त्या माणसाला चीनमध्ये येऊन चार वर्षेच झाली होती. सभोवती जपानी फौजेचा वेढा, आणि दिवस जखमींचा.

तिथेच त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी १९४१च्या अखेरीस लग्न केले. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिन्-ह्वा. वाचकांनी लक्षात ठेवलेले अक्षर ते हेच. भारताचा 'यिन्', तेराशे वर्षांपूर्वी युआन श्वांगने पक्का केलेला. आणि चीनचा 'ह्वा'. शिक्का आणि बहर. मुलगा साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय ३२. दुसरे पुस्तक अपुरे राहिले. अपस्माराचे चिनी नाव दोन अक्षरांचे आहे, दोन्ही रेघांनी गच्च भरलेली, आणि दोन्ही त्याच खाटेवर निजलेली. ज्याने पुस्तकभर ती खाट घातली, त्याला आपल्या आजाराचे नाव लिहिताना ती दोनदा घालावी लागली असती. त्या रात्री मी वही मिटली ती आठवडाभर उघडली नाही. यिन्-ह्वाही वैद्यकीचा विद्यार्थी असताना १९६७मध्ये वारला.

सोलापुरात कोटणीसांच्या घराचे आता स्मारक झाले आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी जाऊन आलो. खिशात एक कागद होता, त्यावर त्यांचे नाव मी लिहून नेले होते, जुन्या वळणात. तिथे कोणाला तरी दाखवावे असा मनात बेत होता. पण भर दुपारी दुसरे कोणी पाहुणे नव्हते. कागद तसाच परत आणला.

परत आल्यावर उत्तनला गेलो. जुन्या विद्यार्थ्याच्या ओटीवर तो जाळे विणत बसला होता आणि कोपऱ्यात तो दिवा पडला होता, गंजलेला. मी खाली बसलो आणि परीक्षेला बसावे तशा आवाजात एकेक अक्षरावर बोट ठेवून सांगू लागलो: हे 'खाइ', म्हणजे चालू करणे, हे 'क्वान', म्हणजे बंद करणे, काचेखालचे हे 'त्येन', म्हणजे वीज.

त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "फाटक, शिंगाल्या नि पतंग."

पहिल्याच आठवड्यात बटणे दाबून पाहून त्याने ती ओळखली होती आणि नावे ठेवली होती. मी पुन्हा निरखून पाहिले. दोन खांब आणि दोन आडवे वासे, फाटक. डोक्यावर दोन फटकारे घेऊन पाय फाकून उभा, शिंगाळ्या. चौकटीत फुली आणि खाली वळलेली शेपटी, पतंग. फाटकाचे मला विशेष वाटले. त्या अक्षराच्या जुन्या रूपात खरोखरच दुपाखी दरवाजा होता. सुधारणेत दरवाजा गेला आणि आतला अडसर राहिला. ते मी पुस्तकात वाचले होते. याने उरलेल्या अडसरात दरवाजा पाहिला होता.

मग त्याने आतून तो घडीचा कागद आणला. एका ओळीवर बोट ठेवले. शेजारी थेंबांचे चित्र होते, म्हणून त्यातले पाण्याचे अक्षर त्याने ताडले होते; पण त्याच्या अलीकडे असलेला एक चार रेघांचा मनुष्य त्याला ओळखता येत नव्हता. मलाही येईना. मी कोश काढला, मजला चुकलो, खाली उतरलो, पुन्हा चढलो. अर्ध्या तासाने सापडले. नको, करू नये, मनाई. दिवा पाण्यात बुडू देऊ नये.

"त पयलां सांगाचां व्हतां, मास्तर," तो म्हणाला. दुसऱ्याच हंगामात पाणी शिरून दिवा गेला होता.

त्याने नवा घेतलेला दिवा आणून दाखवला. दुसऱ्या बनावटीचा, डबा वेगळा, बटणे उलट्या बाजूला. "यालापन फाटक हाय," तो म्हणाला, आणि अक्षराकडे बघून बरोबर तेच बटण दाबले. मी वही उघडली आणि तीन अक्षरांपुढे इंग्रजाने दिलेल्या अर्थांच्या खाली त्याचे तीन शब्द लिहून घेतले. 'शिंगाल्या' त्याच्या 'ल'नेच लिहिला.